मेंढरांच्या वाटा : दख्खनच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

दिवाळी सरली आणि खरिपाचा जोंधळा, भुईमूग घरात आला म्हणजे आमच्या चिकोडी-निपाणीकडील मोकळ्या शिवारांत मेंढरांची खांडे उतरू लागतात. पुढे दोन-चार घोडी; त्यांच्या पाठीवर वाघरी, भांडीकुंडी, पिठाची पोती आणि नुकती जन्मलेली कोकरे. घोड्यांच्या बरोबर बायका-मुले. त्यांच्या मागून अर्ध्या-एक कोसाच्या अंतराने धुळीचा लोट, आणि त्या लोटात काठी व घोंगडी एवढ्याच ऐवजानिशी चालणारे पुरुष. माझ्या लहानपणी या वाड्याची वाट घरातील वडीलधारी मंडळी पाहत असत. कोणाच्या रानात किती रात्री मेंढरे बसवावयाची, त्याबद्दल धान्य किती मापावयाचे, हा व्यवहार पारावर तोंडी ठरे. त्यासाठी कधी कागद झाल्याचे मला स्मरत नाही. व्यवहार मोडल्याचेही स्मरत नाही.

कागद झाला नाही, म्हणूनच इतिहासकाराच्या दृष्टीस हा मनुष्य पडला नाही. आपली इतिहाससाधने म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे. ती सारी गावाशी, जमिनीशी आणि वतनाशी बांधलेली आहेत. ज्याचे गाव वर्षातून आठ महिने पाठीवर असते, तो दप्तरात आलाच तर वनचराईच्या एखाद्या रकमेपुरता येतो. एरवी तो निनावी. होळकरांच्या घराण्याची गोष्ट वेगळी. नीरेकाठच्या होळ गावचा, १६९३ साली जन्मलेला आणि खानदेशात तळोद्यास मामाची मेंढरे राखीत वाढलेला मल्हारराव माळव्याचा सुभेदार झाला, तेव्हा इतिहासाने त्याची दखल घेतली. परंतु ती घेतली तलवारीसाठी. मेंढरांमागे घालवलेली वर्षे चरित्रकारांनी बालपणीच्या गरिबीचे प्रकरण म्हणून दोन ओळींत उरकली. मोकळ्या मुलखात दूरवरचे पाणी ओळखणे, चढ-उतार ध्यानी ठेवणे, शेकडो तोंडांचा चारा रोज नव्याने शोधणे आणि रात्रभर सावध राहणे हे शिक्षण पुढे घोडदळाच्या सरदारास उपयोगी पडले नसेल, असे मला वाटत नाही.

मेंढराचा इतिहास समजून घ्यावयाचा तर आधी पावसाचा नकाशा पाहावा लागतो. ओल हा मेंढराचा पहिला शत्रू. लोकर भिजून वाळली नाही की अंग आखडते. चिखलात सतत उभे राहिले की खूर कुजतात. पाणथळ रानातील गवताबरोबर यकृतकृमी पोटात जातात. म्हणून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि गोव्यात सत्तरी-सांगे या भागांत राहणारे गवळी धनगर मेंढरे पाळीत नाहीत, म्हशी पाळतात. कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ यांनी या गवळी धनगरांच्या पर्यावरणावर १९८२ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे एकाच नावाखाली मोडणाऱ्या या समाजाने पर्जन्यमानानुसार आपली जनावरे आणि राने कशी वाटून घेतली आहेत, हे स्पष्ट झाले. मेंढरांचे खरे माहेर घाटाच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला आणि इकडे अथणीपर्यंतचा तो कमी पावसाचा पट्टा. शेतकऱ्याला जो मुलूख कपाळी आलेला वाटतो, तोच मेंढक्याने निवडलेला असतो.

ही निवड किती जुनी असावी? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ पासून पुढे बारा-पंधरा वर्षे उत्खनन चालले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या प्रारंभीच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे आहेत, इ. स. पू. १००० च्या सुमारानंतरच्या थरांत मात्र लहान गोल झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक शेळ्यामेंढरांच्या मागे हिंडू लागले, असा अर्थ म. के. ढवळीकर यांनी लावला. आजचे मेंढके त्या लोकांचे थेट वंशज आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु पाऊस हटला की नांगर ठेवून काठी उचलावयाची, हा या भूमीतील जुना तोडगा आहे, एवढे त्यावरून खास म्हणता येते. मूळचे गोमंतकीय दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसमंतात पायी हिंडून हीच वाट दुसऱ्या टोकाकडून शोधली. मेंढक्यांच्या हंगामी वाटा, त्या वाटांवरील देवींची ठाणी आणि तेथेच विखुरलेली सूक्ष्म दगडी हत्यारे यांची सांगड त्यांनी आपल्या १९६२ च्या ग्रंथात घातली. पंडित खुर्ची सोडून मेंढरांमागे चालला म्हणजे काय हाती लागते, याचा तो नमुना होय.

आता या वाटेवरील वर्ष कसे जाते ते पाहू. मृगाचा पाऊस पडला की वाडे आपापल्या गावी परततात. हा काळ शहरातील मनुष्यास सुखाचा वाटेल, कारण गवत हिरवे असते. मेंढक्याला मात्र याच दिवसांची धास्ती अधिक. उन्हाळाभर काड्या आणि शेंगांवर जगलेले मेंढरू कोवळ्या लुसलुशीत गवतावर तुटून पडते, आणि संध्याकाळी धडधाकट असलेले जनावर सकाळी वाघरीत मरून पडलेले आढळते. आंत्रविषार हे त्या रोगाचे पुस्तकी नाव. मेंढका ते नाव न घेता सकाळी मेंढरे उशिरा सोडतो, आधी सुक्या रानावरून फिरवतो आणि मगच हिरव्याकडे वळवतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात चिलटे वाढली की नीलजिव्हेची साथ येते. ओठ सुजतात, जीभ निळी पडते, मेंढरू चरणे सोडते. आता लशी निघाल्या आहेत. पण लस टोचणारा एका ठिकाणी बसतो आणि कळप चालत असतो. ही चुकामूक अजून पुरती मिटलेली नाही.

पावसाळ्याच्या आरंभी अंगात ताकद आली की मेंढ्या फळतात. पाच महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, कोकरे होतात. म्हणजे वाडा गाव सोडून वाटेस लागतो, नेमके तेव्हा. बाहेरच्यास हे गैरसोयीचे वाटते. पण पोसणाऱ्या आईला कापणी झालेल्या रानातील पाला, शेंगा आणि गळलेले दाणे याच दिवसांत मिळतात. चालत्या वाटेवर मेंढी व्यायली की कोकरू घोंगडीच्या खोळीतून तळावर येते. संध्याकाळी कळप परतला की शेकडो आया आणि शेकडो पिले एकाच वेळी ओरडत असतात; त्या कालव्यात कोणते पिलू कोणाचे, हे धनगरीण आवाजावरून आणि तोंडवळ्यावरून सांगते. पिलू न घेणाऱ्या आईला धरून पाजणे, दुबळ्याला दुसरीच्या कासेला लावणे, रोज-दोन रोजांनी तळ उचलणे, घोडी लादणे, नव्या जागी चूल मांडणे ही सारी कामे तिचीच. कळप पुरुषाचा म्हणतात. त्याचा हिशेब मात्र बाईच्या डोक्यात असतो.

रात्र ही वेगळी पाळी. शेतात वाघरी रोवून मेंढरे कोंडावयाची आणि कडेला कुत्री सोडून पुरुषांनी उघड्यावर निजावयाचे. निजणे हा शब्द उपचाराचा. लांडगा बहुधा एकटा येत नाही. एकाने कुत्र्यांना एका अंगास गुंतवावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या अंगाने मेंढरू उचलावे, अशी त्याची रीत मेंढके सांगतात. आणि तरीही लांडग्याविषयी त्यांच्या बोलण्यात जो एक प्रकारचा हिस्सेदाराचा भाव येतो, तो ऐकणाऱ्यास चकित करतो. चोराविषयी ते असे बोलत नाहीत.

पुणे भागातील काही वाडे हिवाळ्यात घाट उतरून कोकणात जातात. तेथील भातखाचरे तोवर मोकळी असतात आणि शेतकऱ्यास खत हवे असते. मावळतीचा तांदूळ आणि उगवतीचे खत यांचा हा सौदा शतकांचा आहे. वळवाचे ढग दिसू लागले की घाट चढावाच लागतो. मागे राहिलेल्या कळपाला कोकणचा पाऊस सोडत नाही.

या दिनचर्येचे सर्वांत जुने वर्णन आपल्याला कोठे मिळते? माझ्या मते ते खंडोबा-बाणाईच्या कथेत आहे. जेजुरीचा देव धनगराच्या लेकीवर भुलला, म्हातारा होऊन तिच्या घरी चाकरीस राहिला, मेंढरे राखू लागला आणि ती धुवावयास नदीवर घेऊन गेला, ही कथा आपण भक्तीने ऐकतो. कातरणीपूर्वी मेंढरे नदीत धुणे हे मेंढक्याचे वार्षिक कष्टाचे काम. कथेत देवाने ती आपटून धुतली, सारी मेली, मग त्याने ती जिवंत केली. ज्याने बुजलेले, ओल्या लोकरीने जड झालेले मेंढरू पाण्यातून ओढले आहे, त्याला या विनोदातील मर्म कळते. देवाची परीक्षा मंत्रांनी घेतलेली नाही, कामाने घेतली आहे. हायडेलबर्गचे गुंथर सोनथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील आपला ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केला, तो धनगरांच्या तळावर रात्री जागवून आणि त्यांच्या ओव्या ऐकून. १९८४ साली रा. चिं. ढेरे यांनी श्रीविठ्ठलाच्या मूळ रूपाचा शोधही याच गवळी-धनगरांच्या परंपरेपर्यंत नेला. त्यांच्या प्रत्येक निष्कर्षास मान डोलावलीच पाहिजे असे नाही. परंतु मराठी संस्कृतीचा उगम केवळ देवळाच्या गाभाऱ्यात शोधता येत नाही, त्याला रानही पाहावे लागते, हे त्यांनी नाकारता न येण्याजोगे करून ठेवले.

सीमाभागात राहणाऱ्या आम्हांस या वाटांचे आणखी एक महत्त्व आहे. मराठीतील धनगर आणि कन्नडातील कुरुब हे एकाच धंद्याचे लोक. आमचा बिरोबा तोच त्यांचा बीरप्पा. मंगळवेढे तालुक्यातील हुलजंतीस दिवाळीच्या अमावास्येला गुरू बिरोबा आणि शिष्य महालिंगराया यांच्या पालख्यांची भेट होते, तेव्हा भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत कोणाची मातृभाषा कोणती, हे शेजारी उभ्या असलेल्यासही सांगता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि या रानातून एक रेघ गेली. त्या रेघेचे दुःख आम्ही मराठी भाषकांनी पुष्कळ लिहिले, आणि ते खोटे नाही. मेंढक्याची अडचण मात्र निराळी आहे. वर्षातून दोनदा ती रेघ ओलांडणाऱ्या मनुष्याची मेंढरे एका राज्यात आजारी पडतात आणि दुसऱ्यात मरतात. भरपाई कोणाकडे मागावी? आमच्या इतक्या लेखांत हा प्रश्न मला कोठे आढळला नाही. तो मीही आजवर लिहिला नव्हता.

त्याआधीची रेघ जंगलाची. १८७८ च्या वनकायद्याने राने राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर चराई होती, तेथे पाऊल टाकणे हा गुन्हा ठरला. पुढे पाटाचे पाणी आले, ऊस आला. उसाच्या रानास मोकळा हंगाम नसतो; मग मेंढरे बसवावयाची कोठे? कृष्णेकाठच्या काळ्या जमिनींतून खांडांच्या वाटा हळूहळू आखडत गेल्या, त्याचे हे साधे कारण.

आणि शेवटी लोकर. कर्नल साइक्स यांनी १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या यादीत येथील मेंढी आखूड, कुरळ्या आणि बहुतेक सर्वत्र काळ्या लोकरीची म्हणून वर्णिली आहे. ती काळी होती म्हणून घोंगडी रंगवावी लागत नसे. वर्षातून दोनदा कातरणी होई. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ घोंगडीसाठी निराळी ठेवीत. सनगर ती मागावर विणून चिंचोक्याची खळ देत, आणि तिच्यावरून पावसाचे पाणी ओघळून जाई. एका दख्खनी मेंढीस वर्षाकाठी अर्ध्या-पाऊण किलोहून फारशी अधिक लोकर येत नाही. तरी तेवढ्यावर एक अख्खी जात जगत होती. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली आणि तो हिशेब बसेनासा झाला. आज कळपाचे मोल मांसावर ठरते. जत तालुक्यातील माडग्याळची मेंढी, उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची, लोकरीत गरीब आणि वजनात श्रीमंत, म्हणून मेंढके तिचे नर मोठी किंमत देऊन आणतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत उतरवला, हे शास्त्राच्या दृष्टीने मोठेच काम. पण जुळी हवीत की नकोत, याविषयी मेंढक्यांचे एकमत नाही. घराजवळ दावणीला चारा घालणाऱ्यास ती वरदान वाटतात. रोज मैलोगणती चालणाऱ्या मेंढीला मात्र दोन पिले पोसवतात का, हा चालणाऱ्याचा सवाल आहे, आणि तो अडाणीपणाचा नव्हे.

दोन वर्षांमागे आमच्या शिवारात उतरलेल्या एका वाड्यावर कातरणी चालली होती. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडते, तरी उन्हाळ्यापूर्वी अंग मोकळे केलेच पाहिजे. कातरलेली लोकर बांधावरच्या बाभळीखाली पडून होती. वाडा हलला तशी ती तेथेच राहिली. जाण्यापूर्वी वाड्यातील म्हातारीने त्या ढिगातून जावळ तेवढे वेचून फडक्यात बांधले. नातवाच्या घोंगडीला लागेल, म्हणाली. विणणार कोण, असे मी विचारले. हुलजंतीच्या यात्रेत कोणी भेटतो का पाहू, असे म्हणून ती घोड्यामागे चालू लागली.