ऊस (शब्द)

'ऊस' हे मराठीतील अकारान्त पुल्लिंगी नाम असून संस्कृत 'इक्षु' या उकारान्त शब्दापासून ते प्राकृतमार्गे आले आहे. मूळ शब्दाच्या उकारान्त विभक्तिरूपांचा मागमूस मराठीत उरलेला नाही.

व्युत्पत्ती

'इक्षु' हा शब्द अथर्ववेदात आढळतो. पाली व प्राकृतात त्याचे 'उच्छु' झाले. आद्य इकाराचा हा उकार हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणातही नोंदलेला आहे. पुढे 'च्छ'चा 'स' झाला, जोडाक्षर सुटताना मागचा स्वर दीर्घ झाला आणि अंत्य उकार लोपला. 'कुक्षि – कुच्छि – कूस' हा प्रवास याच वाटेचा आहे. म्हणजे 'ऊस'मधील 'ऊ' हा 'इक्षु'च्या अंत्य उकाराचा अवशेष नसून आद्य इकाराचेच बदललेले रूप होय. हिंदीतील 'ईख' व 'ऊख' या शब्दांत मात्र 'क्ष'चा 'ख' झालेला दिसतो.

रूपविचार

अंत्य स्वर गळाल्यावर हा शब्द 'देव', 'हात' यांसारख्या अकारान्त पुल्लिंगी नामांप्रमाणे चालू लागला. स्लाव भाषांतही असे घडले: संस्कृत 'सूनु'शी सगोत्र असलेला 'पुत्र' या अर्थाचा उकारान्त शब्द तेथे हळूहळू बहुसंख्य पुल्लिंगी नामांच्या वर्गात मिसळला.

'ऊस'चे एकवचन व अनेकवचन सारखेच आहे (एक ऊस, दोन ऊस). सामान्यरूप एकवचनी 'उसा-' व अनेकवचनी 'उसां-' असे होते: उसाला, उसाने, उसाचा, उसात, उसांना, उसांची. पीक या अर्थी शब्द एकवचनीच राहतो. अनेकवचन कांड्या मोजताना येते (उसांची मोळी). 'उसात पाणी सोडले' या वाक्यात 'उसात' म्हणजे उसाच्या शेतात.

लेखन

तत्सम नसलेल्या शब्दांतील उपान्त्य दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतात (फूल – फुलाला, दूध – दुधाला). त्यामुळे सर्रास दिसणारे 'ऊसाला', 'ऊसाचा' हे लेखन नियमाला धरून नाही. समासात मात्र सामान्यरूप नसल्याने 'ऊ' दीर्घच राहतो: ऊसतोड, ऊसदर. कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूर येथे गाळप हंगामाच्या तोंडावर भरणारी स्वाभिमानी शेतकरी संघटनेची सभा 'ऊस परिषद' म्हणून ओळखली जाते. तेथे मागणी होते ती 'उसाच्या' पहिल्या उचलीची. दोन्ही लेखने शुद्धच आहेत.