सही केलेला नियम आणि व्यवसायनीतीचा जन्म

‘व्यवसायनीती’ हा विषय आज जगभरच्या व्यवस्थापन संस्थांत शिकवला जातो. त्याची कुळकथा सुरू होते ती सरकारी निविदांच्या पाकिटांपासून. १९५९ साली अमेरिकेतल्या ‘टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी’ या सरकारी वीजसंस्थेने जाहीर तक्रार केली की, मोहोरबंद निविदा उघडल्या की वेगवेगळ्या कंपन्यांचे दर सेंटापर्यंत तंतोतंत जुळतात.

चौकशीत जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस आणि वीज-उपकरणे बनवणाऱ्या इतर कंपन्यांची मिलीभगत उघडकीला आली. त्यांचे अधिकारी हॉटेलांत गुपचूप भेटत. या भेटींना ते ‘गायनवृंदाचा सराव’ म्हणत आणि हजर राहणाऱ्यांच्या यादीला ‘ख्रिसमस कार्डांची यादी’. स्विचगियरच्या, म्हणजे वीजप्रवाह चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या, निविदांत कमी दर भरायची पाळी कोणाची, हे ठरवणाऱ्या कोष्टकाचे नाव होते ‘चंद्राच्या कला’. फेब्रुवारी १९६१मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने सात अधिकाऱ्यांना तीस-तीस दिवसांच्या कैदेची शिक्षा ठोठावली.

ही माणसे सराईत गुन्हेगार नव्हती. आपापल्या गावात त्यांना मान होता. शिवाय प्रतिस्पर्ध्यांशी संगनमत करू नये, असा २०.५ क्रमांकाचा लेखी आदेश जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता आणि अधिकाऱ्यांकडून त्यावर सह्याही घेतल्या जात. नियम होता, सही होती, तरी गुन्हा घडला. म्हणजे नियमाच्या पलीकडे काहीतरी शोधायला हवे होते.

त्याच १९६१ साली रेमंड बाउमहार्ट या जेझुइट धर्मगुरूने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या वाचकांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे १७०० जणांनी उत्तरे पाठवली होती. आपण इतर व्यावसायिकांपेक्षा अधिक नीतिमान आहोत, असे बहुतेकांना वाटत होते. वरिष्ठ कसे वागतात याचा हाताखालच्यांवर मोठा परिणाम होतो, हेही त्यातून दिसले. नीतीचा प्रश्न अशा रीतीने प्रवचनातून निघून समाजशास्त्र आणि मानसशास्त्राच्या अंगणात आला.

तत्त्वज्ञ त्यात उतरले ते पुढच्या दशकात. नफा वाढवणे हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७०मध्ये ठासून मांडले. १९७१मध्ये तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा ग्रंथ आला आणि समाजातल्या संस्था न्याय्य आहेत का, या प्रश्नाला नवे बळ मिळाले. १९७४मध्ये कॅन्सस विद्यापीठात तत्त्वज्ञ रिचर्ड डी जॉर्ज यांच्या पुढाकाराने व्यवसायनीतीवर परिषद भरली. या शाखेचा जन्म बरेच जण तिथे मानतात. १९८०मध्ये अभ्यासकांची ‘सोसायटी फॉर बिझनेस एथिक्स’ उभी राहिली, १९८२मध्ये ‘जर्नल ऑफ बिझनेस एथिक्स’ सुरू झाले. १९८४मध्ये एडवर्ड फ्रीमन यांनी कामगार, ग्राहक, पुरवठादार, गाव या सगळ्यांना कंपनीचे ‘हितसंबंधी’ मानून विचाराची चौकट रुंद केली. आपल्याकडे १९९२मध्ये आयआयएम कलकत्ता येथे एस. के. चक्रवर्ती यांनी मानवी मूल्यांचे व्यवस्थापन केंद्र उभारले.

प्रत्यक्ष कारभारातला प्रवाह मात्र कायद्याच्या धाकाने वाहू लागला. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीचे लाचप्रकरण जपानच्या माजी पंतप्रधानांच्या अटकेपर्यंत पोचले, आणि १९७७मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे अमेरिकेत गुन्हा ठरले. तिथल्याच न्यायालयांसाठीच्या १९९१च्या शिक्षाविषयक निर्देशांनी, गैरप्रकार रोखण्याची परिणामकारक व्यवस्था असलेल्या कंपनीला दंडात सूट देऊ केली. मग आचारसंहिता, नीती-अधिकारी आणि तक्रारीचे दूरध्वनी यांचे पेवच फुटले. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जाकंपनीचीही चौसष्ट पानी आचारसंहिता होती. तरी हिशेबातल्या लबाडीमुळे डिसेंबर २००१मध्ये ती कंपनी बुडाली.

आदेश २०.५चा धडा चाळीस वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला. म्हणूनच ही शाखा एकट्या कोणाच्या हाती देता येत नाही. योग्य काय हे तत्त्वज्ञ तपासतो, भला माणूस कसा घसरतो हे मानसशास्त्रज्ञ सांगतो, हिशेबात काय दडवले ते लेखापाल शोधतो आणि कायदा किंमत वसूल करतो. यांतला एक जरी बाजूला काढला, तरी हाती उरतो तो सही केलेला कागद. नीतीचा तास घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने विद्यार्थ्यांना संहिता पाठ करायला लावण्याआधी एवढे तरी शिकवावे की, साहेबाने चुकीचे काम सांगितले तर ‘नाही’ कसे म्हणायचे, आणि आपण साहेब झाल्यावर ते ‘नाही’ ऐकून कसे घ्यायचे.