कोप आणि कोपी : बीडच्या हिवाळ्याची गोष्ट

गारठा वाढलाय. तेव्हा चहाचा कप घ्या, इअरफोन लावा आणि ऐका. जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी यात जास्तीच्या घातल्यात.

डिसेंबर लागला की सगळ्यांच्या फोनवर हुरड्याचे रील सुरू होतात. आगटीचा धूर, बाजेवर बसलेली मंडळी, बैलगाडीची चक्कर आणि खाली लिहिलेलं, माणशी इतके रुपये. छान आहे, काही वाईट नाही त्यात. पण बीड जिल्ह्याचा हिवाळा सांगायचा तर हुरड्यावर थांबून चालत नाही. कारण बीडच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यात येते, तेव्हाच जिल्ह्यातली लाखो माणसं दोन-तीनशे किलोमीटर लांब, दुसऱ्याच्या रानात ऊस तोडत असतात. ज्वारी आणि ऊस, दोन्ही एकाच थंडीत तयार होतात. आज हेच समजून घेऊ. एका जिल्ह्याचे दोन हिवाळे कसे झाले, आणि त्यात सण, जेवण आणि घरच्यांसोबतचे चार आनंदाचे क्षण यांचं काय झालं.

पहिलं कॅलेंडर : ज्वारी

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्याच्या मधून बालाघाटचा डोंगर जातो. उत्तरेला गोदावरी. मांजरा नदी तर पाटोदा तालुक्यात, याच डोंगरात उगम पावते. पण आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी हा डोंगरपट्टा पावसाच्या बाबतीत कमनशिबी. सह्याद्रीने ढग अडवून घेतल्यावर जे उरतं, ते इथं पडतं.

अशा ठिकाणी रब्बीची ज्वारी म्हणजे डोकं लावून निवडलेलं पीक. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायची. मग काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती वाढते. या भागात जिचं नाव आदरानं घेतात ती मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतूनच निवडून तिचा सुधारित वाण काढला गेला. तिची भाकरी मऊ आणि गोड, आणि तिचा कडबा जनावरं आवडीनं खातात. एकाच पिकात माणसाचं आणि बैलाचं दोघांचं भागतं.

म्हणून या भागातले थंडीचे सण नीट बघितले तर ते ज्वारीच्या आणि रानातल्या भाज्यांच्या मागेपुढे चालतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. चातुर्मासात वांगं बंद ठेवलेल्या घरांत त्या दिवशी वांगं परत चुलीवर येतं. त्याच महिन्यात पौर्णिमेला अंबाजोगाईत योगेश्वरीचा उत्सव. आणि महिना संपतो तो वेळ अमावस्येला. बोलीत येळवस.

येळवस लातूर-धाराशिवची म्हणून ओळखली जाते, पण त्यांना लागून असलेल्या अंबाजोगाई, परळी, केज या आपल्या पट्ट्यातही ती आहे. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. सगळं गणगोत शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक छोटी कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे आणि पूजा करायची. मग जेवण. हिवाळ्यात मिळेल ती प्रत्येक भाजी आणि ओले दाणे घालून, बेसन लावून केलेली भज्जी. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. आणि मडक्यात आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबट केलेलं, लसणाची चव असलेलं पेय. आंबील थोडी उभ्या पिकावर शिंपडतात. आपण जेवतोय तर ज्वारीनंही जेवावं, इतका साधा हिशोब. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पानावर बसवतात. ही ‘कोप’ लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

मग जानेवारीत भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, वांगी, गाजर, हरभरा, बोरं, शेंगदाणे एकत्र घातलेली भाजी. दुसऱ्या दिवशी संक्रांत. सुगडात गव्हाची ओंबी, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, तीळ आणि उसाची कांडी. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहान लेकराचं बोरन्हाण. आणि ज्या दिवशी सण नाही त्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा.

हुरडा तर विकत घ्यायची गोष्टच नव्हती. कणसात दूध भरून दाणा मऊ झाला, पण टणक व्हायच्या आधी, असे दोन-तीन आठवडे मिळतात. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची. शेजारी, पाहुणे, राखणीला असलेला माणूस, सगळ्यांचा त्यात वाटा. पीक घरी येण्याआधीच त्यातला पहिला घास वाटून खायचा, हा त्यामागचा रिवाज.

दुसरं कॅलेंडर : ऊस

आता इतिहासाकडे. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाचा मोठा साखर कारखाना १९३७ च्या सुमारास उभा राहिला तो बोधनला, म्हणजे आजच्या तेलंगणात. बीडच्या डोंगरपट्ट्यात ना कालवा, ना कारखाना. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला.

तिकडे शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात, वेगळंच चाललं होतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणी-प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. मग एकामागून एक कारखाने आले. धरणं आणि कालव्यांवर ऊस वाढला. पण ऊस नुसता वाढून भागत नाही. तो तोडला की लवकरात लवकर गाळावा लागतो, नाहीतर त्यातली साखर उतरते. म्हणजे कारखान्याला हवीत अशी माणसं, जी सहा महिने फडाजवळच राहतील आणि रात्री-अपरात्री गाडी आली तरी भरून देतील. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो. लांबून आलेल्या माणसाला जायला घरच नसतं.

ही माणसं मिळाली कोरडवाहू पट्ट्यात. आणि मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या आजीला विचारा, त्या वर्षाचं नाव काढलं की ती आधी जेवणाचंच बोलेल. रेशनवर मिळालेली परदेशी लाल मिलो, तिची न जमणारी भाकरी, आणि लेकरांसाठी सुकडी. दुष्काळी कामांवर खडी फोडून लोकांनी ते वर्ष काढलं. ज्या जिल्ह्यात ज्वारी हा जगण्याचा पाया, तिथं परक्या ज्वारीवर दिवस काढायची वेळ आली. ऊसतोडीला जाणं त्याआधीही होतं, पण या दुष्काळानंतर ती घराघराची वाट झाली.

यात एक शब्द नीट ऐका. ऊसतोडीच्या हिशोबात माणूस मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती पुढे मजुरीतून फेडायची. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. त्या सुमाराला बालाघाटातली सीताफळं पिकलेली असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण तोपर्यंत ट्रॅक्टरमध्ये भांडी, बाजरी-ज्वारीची पोती, सरपण, शेळी, कोंबड्या आणि कडेवरचं लेकरू चढलेलं असतं. पट्टा पडतो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे चंपाषष्ठी, येळवस, भोगी, संक्रांत, बोरन्हाण, हुरडा, ज्वारीची काढणी, सगळं या दोन तारखांच्या मध्ये. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, दोन मीटिंग एकाच वेळेला लागल्या, आणि एकीला पगार आहे, दुसरीला नाही.

कोपीतली थंडी

आता ती कोप आठवा. येळवशीला देवासाठी, एका दिवसापुरती, कडब्याची. फडावर माणसासाठी जी असते ती कोपी. बांबूच्या कांबी, चटई किंवा ताडपत्री, वरून पाचट. उंची एवढी की आत वाकूनच जावं लागतं. गावाकडे कोपीत पांडव बसतात, तिकडे पांडवांची लेकरं.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत अशा कोप्यांच्या वस्त्या पडतात. बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. चूल पेटवायची, दिवसभराच्या भाकरी थापायच्या, पाणी आणायचं आणि उजाडायच्या आत फडात. दवानं भिजलेल्या पाचटात हात घालायचा. पुरुष तोडतो, बाई मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. आजारपण असो, पाळी असो, गरोदरपण असो, काम थांबलं की खाडा, आणि खाडा म्हणजे पैसे कापले. या कामगार बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया किती होतात, हे तपासायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. हिवाळ्याच्या गोड आठवणी सांगताना हे वगळलं, तर ती गोष्ट खोटी होईल.

पण म्हणून तिकडे सण नसतो असं समजू नका. ‘बिचारे’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे, तिथं आपण चुकतो. भोगीची भाजी कोपीच्या चुलीवरही होते. घेवडा नसेल तर बांधावरचा हरभरा, बाजारातलं एक वांगं, मूठभर शेंगदाणे. तीळ गावाकडून पोत्याच्या कोपऱ्यात बांधून आणलेले. संक्रांतीला बायका फडावरून थोड्या लवकर येतात, ठेवणीतलं लुगडं नेसतात, आणि शेजारच्या कोपीतली बाई, मग ती आष्टीची असो की जालन्याची, तिला हळदी-कुंकू लावून सुगड देतात. त्या सुगडातली उसाची कांडी बघा. दिवसभर जो ऊस टनावर मोजला, त्याचंच एक कांडं संध्याकाळी वाण होतं. त्या एका कांड्यावर ना मुकादमाचा हक्क, ना कारखान्याचा. माझ्या मते बीडच्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा सण हाच आहे, आणि तो कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही.

गावात उरलेले

इकडे गावात थंडीत काय असतं? म्हातारी माणसं, शाळेत जाणारी लेकरं आणि बरीचशी कुलपं. येळवशीला आजोबाच कोप करतात, आजी आंबील करते, नातवंडं ती उचलून शेतात नेतात. मधली पिढी पंगतीत नसते. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहं सुरू झाली. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. काहींना त्याचा उपयोग झाला, काही लेकरं तरीही कोयत्यामागं गेली. जी आजी-आजोबांकडे राहिली, त्यांना जेवणाच्या चवी आजीच्या हातच्या आठवतात आणि आईची आठवण येते ती उन्हाळ्यातली. ही गोष्ट मराठवाड्यातल्या किती जणांची आहे, हे तुमच्या कमेंट वाचताना दर वेळी कळतं.

गेल्या काही वर्षांत बदल झालेत. माजलगाव धरण आणि गोदाकाठामुळे जिल्ह्यातही ऊस आला, कारखाने आले. काही टोळ्या आता जवळच थांबतात. काही ठिकाणी ऊस तोडायला हार्वेस्टर उतरलाय, त्यामुळे काम राहील का, ही नवी धास्ती. सोयाबीन आणि कापसानं ज्वारीचं रान खाल्लं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात ज्वारीची भाकरी हॉटेलच्या मेनूवर आली. आणि कोपीत आता फोन आहे. येळवशीची पूजा व्हिडिओ कॉलवर दिसते. फडावरची आई पडद्यावर लेकराचं बोरन्हाण बघते. रेंज गेली की तेवढंच.

मग यातून घ्यायचं काय? एवढंच, की बीडची थंडी म्हणजे नुसती आगटी आणि हुरडा नव्हे. ज्या घरानं दोन चुलींवर एकच सण केला, त्या घराचाही हा इतिहास आहे. आणि तो कुठल्या गॅझेटियरमध्ये पूर्ण सापडणार नाही. तो तुमच्या आजीच्या, मावशीच्या, शेजारच्या काकांच्या बोलण्यात आहे.

म्हणून एक काम देतो. येत्या संक्रांतीला फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि घरातल्या मोठ्या माणसाला दोनच प्रश्न विचारा. बहात्तरला थंडीत काय खाल्लं? आणि पहिल्यांदा संक्रांत घराबाहेर केली ती कुठं? मधे बोलू नका, फक्त ऐका. ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठवलंच पाहिजे असं नाही. जपून ठेवा म्हणजे झालं.

आणि हुरडा खायला गेलात तर जरूर जा. तिथं आगटीपाशी बसलेल्या मावशींना तेवढं विचारा, लेकरं कुठं असतात हो आता?

भेटू पुढच्या भागात. तोवर तिळगूळ घ्या, गोड बोला.