तात्या विंचू: पहिला आणि दुसरा

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला, ‘झपाटलेला २’ २०१३ साली, तोही थ्रीडीमध्ये. वीस वर्षांत तंत्र कितीतरी पुढे गेले, तरी भीती पहिल्याच चित्रपटात जास्त वाटते. खुनी बाहुल्याची कल्पना हॉलिवूडच्या १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेली, तिथला बाहुला चकी यंत्रांवर चालणारा. आपला तात्या विंचू मात्र शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातचा, म्हणजे यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावापासून चालत आलेल्या बोलक्या बाहुल्यांच्या घराण्यातला. अशा बाहुल्याला हावभाव मोजकेच: जबडा उघडतो-मिटतो, मान वळते, डोळे फिरतात. ती मर्यादाच इथे कामी आली. थिजलेल्या चेहऱ्यात नुसते डोळे सरकले की अंगावर काटा येतो.

कोणी म्हणेल, फरक बाहुल्याचा नाहीच, पहिल्या चित्रपटाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांचा आहे. २००४ साली ते गेले आणि दुसऱ्या भागात ती जागा कुणालाच भरून काढता आली नाही. आक्षेप खरा आहे, पण तो याच मुद्द्याला बळ देतो. बेर्डे यांची उडालेली गाळण आपल्याला पटते, कारण समोर हाताला लागणारी, झटापट करता येणारी वस्तू होती. बाहुल्याचा जीव निम्मा पाध्यांच्या बोटांत, निम्मा बेर्डे यांच्या विस्फारलेल्या डोळ्यांत होता. दुसऱ्या भागातही बाहुल्यामागे पाध्येच होते. थ्रीडीने मात्र प्रेक्षकाची नजर त्याच्या चेहऱ्यावरून काढून पडद्याबाहेर झेपावणाऱ्या गोष्टींकडे नेली. याउलट १९९० सालच्या ‘चाइल्ड्स प्ले २’ने सगळा भर चकीवरच ठेवला, म्हणून तो पहिल्या ‘चाइल्ड्स प्ले’च्या बराच जवळ राहिला.