घास होता, हात नव्हता : कुत्र्याच्या सांभाळाचा दोनशे वर्षांचा इतिहास

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयी अकरा दिवसांच्या अंतराने दोन आदेश दिले. ११ ऑगस्टच्या आदेशात दिल्ली आणि आसपासच्या शहरांतील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, परत रस्त्यावर सोडू नयेत, असे सांगितले होते. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले कुत्रे उचलले तिथेच सोडावे. पिसाळलेले किंवा अंगावर धावणारे मात्र सोडू नये. ज्यांना कुत्रे दत्तक घ्यायचे आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे.

पहिला आदेश दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता असला तरी त्याची चर्चा आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारापर्यंत पोहोचली. एक जण म्हणाला, "कोंडवाड्यात टाका." दुसरा म्हणाला, "टेम्पोत भरून लांब सोडून या." तिसरा म्हणाला, "मारू नका, पाप लागतं." मुंबईचा इतिहास चाळला की कळते, ही तिन्ही मते नवी नाहीत. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी याच तीन मतांवरून तिथे दंगल झाली होती.

कोंडवाड्यात कुत्रा का नाही?

कोंडवाड्यापासून सुरुवात करू. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला आणि कोंडवाड्याला त्याचे पक्के रूप मिळाले. या कायद्यात 'गुरे' म्हणजे कोण याची यादी आहे. तिच्यात हत्ती, उंट, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी आहेत. कुत्रा नाही. कारण उघड आहे. कोंडवाडा चालतो तो मालक दंड भरून जनावर सोडवून नेतो म्हणून. कुत्र्याला सोडवायला येणार कोण? आणि न सोडवलेल्या बैलाचा लिलाव होतो, तसा गावठी कुत्र्याचा करून त्याला बोली कोण लावणार?

म्हणजे कायद्याच्या नजरेत कुत्रा हे बिनधन्याचे जनावर होते. गावाच्या नजरेत तसे नव्हते. तो आळीचा होता, वेशीचा होता, खळ्याचा होता. रात्री भुंकला तर चार घरांची राखण व्हायची आणि सकाळी चार घरांची शिळी भाकरी त्याला मिळायची.

मान होता, अंतरही होते

मराठी मुलखाने कुत्र्याला मान दिला नाही असे कुणी म्हणू नये. खंडोबाबरोबर कुत्रा आहे. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्यालाही घास घालतात. खंडोबाचे वाघे तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवत आले. कोटंब्यात वाढलेले खायचे आणि कुत्र्यासारखे भुंकायचे, ही त्यांची जुनी रीत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना चार वेद मानतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव लहानथोरांना माहीत आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका आहे.

पण याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. धर्मशास्त्राने कुत्र्याला अपवित्र ठरवले. श्राद्धाच्या दिवशी गाईला आणि कावळ्याला तसा कुत्र्यालाही वाटा काढला जातो, पण तो जमिनीवर, लांब ठेवायचा. ओट्यावर बसू द्यायचे, उंबरा ओलांडू द्यायचा नाही. पुण्य घासात होते, स्पर्शात नव्हते. पुढच्या इतिहासातले बरेच काही या अंतरातून आले आहे.

१८३२ : मुंबईची दंगल

मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता. वर्षातून दोन वेळा, एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उष्ण दिवसांत, ठरलेल्या मुदतीत कुत्री मारली जात. १८३२ साली उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षीस आले की जे व्हायचे तेच झाले. पकडणारे घरांच्या दारातली, पाळलेलीही कुत्री ओढून नेऊ लागले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाला हे सहन होणारे नव्हते.

६ जून १८३२ रोजी, सणाच्या दिवशी, फोर्ट भागात जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी पारशी, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली. शेवटी फौज बोलावून जमाव पांगवावा लागला आणि धरपकड झाली. पुढे शहरातील प्रतिष्ठित मंडळींनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा तोडगा निघाला.

मात्र शहराबाहेर नेलेल्या कुत्र्याचे पुढे काय, हा प्रश्न राहिलाच. त्यावरचे उत्तर दोन वर्षांनी उभे राहिले. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरापोळ सुरू झाला. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर स्वेच्छेने लागा बसवून त्याचा खर्च उचलला. पुढे १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली आणि १८८० च्या दशकात परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. आजही ते चालू आहे.

ही कामे थोर आहेत. पण त्यांची रचना पाहिली तर एक गोष्ट दिसते. पैसा देणारा एक, जागा एकीकडे, काम करणारा पगारी. कुत्रा कुणा एका माणसाच्या हाती काही दिवसांसाठी सोपवावा, ही सोय कुठेच नाही. पांजरापोळात गेलेले जनावर बहुधा तिथेच राहायचे. बाहेर येण्याची वाट आखलेली नव्हती.

'तात्पुरते' हा शब्द

याच सुमारास लंडनमध्ये मेरी टीलबी या बाईंनी १८६० साली हॉलोवे भागात कुत्र्यांसाठी घर काढले. हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचे 'तात्पुरते घर' असे त्याचे नाव होते. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे कसले कौतुक, अशी त्यांची टवाळी झाली. १८७१ मध्ये ती संस्था बॅटरसीला गेली आणि जगभर प्रसिद्ध झाली. मला महत्त्वाचा वाटतो तो 'तात्पुरते' हा शब्द. कुत्रा इथे कायमचा राहायचा नाही, कुणाच्या तरी घरी जायचा आहे, हे नावातच ठरवलेले होते.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत महापालिका कुत्री मारतच राहिल्या. २००१ साली प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आले: पकडा, निर्बीजीकरण करा, लस द्या, त्याच जागी सोडा. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि 'भटका' याऐवजी 'सामुदायिक प्राणी' असा शब्द कागदावर आला. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्यांना निवारा बांधणे कुणालाच शक्य नाही. उलट गर्दीच्या निवाऱ्यात रोग फैलावतो. पिल्लांना रक्ताचे जुलाब लावून मारणारा पार्व्हो विषाणू १९७८ च्या सुमारास पुढे आला आणि दोनेक वर्षांत जगभर पोहोचला. लस न झालेली वीस पिल्ले एका खोलीत ठेवणे म्हणजे त्याला आमंत्रणच. तीच पिल्ले दोन-दोन करून दहा घरांत ठेवली तर वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. जखमी, आजारी आणि आई नसलेल्या कुत्र्यांसाठी तात्पुरता सांभाळ लागतो तो यासाठी.

घास लांबून टाकता येतो, गोचीड लांबून काढता येत नाही

सांभाळ म्हटला की पहिले काम अंगाला हात लावण्याचे. आंघोळ, गोचीड, गुंतलेले केस, वाढलेली नखे. जे काम परंपरेने टाळले, तेच इथे पहिले. सवय नसल्यामुळे चांगल्या मनाच्या माणसांच्या हातूनही यात कुत्री दगावतात.

आमच्या भागातला सर्वांत मोठा धोका कपाशीच्या औषधाचा आहे. गोचीड झाले की घरात उरलेले फवारणीचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणारे आजही भेटतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशीच औषधे फवारताना शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. जे माणसाला भारी पडले, ते दहा-बारा किलोच्या कुत्र्याचे काय करील? ते कातडीतून आत जाते आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा पोटातही जाते. आधी लाळ गळते, मग अंग थरथरते, मग झटके येतात. रॉकेल आणि फिनेल यांचेही तेच. गोचिडाचे औषध जनावरांच्या डॉक्टरांकडून, कुत्र्याचे वजन सांगूनच घ्यावे. हाताने काढायचा तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये.

दुसरा धोका कातरीचा. केसांच्या गाठीत कातडी वर ओढली जाते आणि गाठ कापताना कातडीच कापली जाते. गाठ बोटांनी आणि फणीने सोडवावी. सुटत नसेल तर जाणकाराकडून मशीनने काढून घ्यावी. उन्हाळा आहे म्हणून कुत्र्याची हजामत करून टाकणेही चुकीचे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. केस त्याला उन्हापासून वाचवतात. याच कारणाने भर उन्हात त्याचे तोंड दोरीने आवळून आंघोळ घालणे जीवघेणे ठरू शकते. शहरातल्या दुकानांत पिंजऱ्यात ठेवून गरम हवेने कुत्री वाळवतात, तिथेही धोका उष्णतेचाच. आंघोळ कोमट पाण्याने घालावी, कानात पाणी जाऊ देऊ नये, सावलीत पुसून काढावे. नवीन आलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी पाण्यात घालू नये. दोन-तीन दिवस माणसांची ओळख होऊ द्यावी.

चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीज झाल्यावर इलाज नाही. पाश्चरने १८८५ साली लस शोधली, हिंदुस्थानात १९०० साली कसौलीला उपचाराची सोय झाली आणि पिसाळलेले कुत्रे चावलेली माणसे आगगाडीने तिकडे जात. आज लस सरकारी दवाखान्यात मिळते. तरीही जगातल्या रेबीजच्या बळींत भारताचा वाटा मोठा आहे आणि त्यात लहान मुले बरीच आहेत. कुत्र्यांच्या बाजूने बोलणाऱ्याने हे विसरू नये.

माणसे कशी मिळतील? अर्धेलीचा धडा

"आमच्याकडे असे सांभाळणारे कुणी मिळणार नाही," हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. मला ते पटत नाही, कारण दुसऱ्याचे जनावर सांभाळण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. शेळी अर्धेलीने देतात. मूळ शेळी मालकाची, चारापाणी आणि राखण सांभाळणाऱ्याची, करडे निम्मी-निम्मी. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या कागदाशिवाय चालतो, कारण बोलणी आधी झालेली असतात. शेळी आजारी पडली तर खर्च कुणाचा, मेली तर नुकसान कुणाचे, परत कधी न्यायची, सगळे दोन्ही घरांना ठाऊक असते.

कुत्र्याच्या बाबतीत नेमकी ही बोलणी होत नाहीत. पिल्लू कुणाच्या तरी दारात ठेवले जाते आणि "जरा बघा" म्हटले जाते. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. म्हणून माणूस घाबरतो. त्याला कुत्र्याची भीती नसते. आपल्याच गळ्यात पडेल याची असते.

आम्ही चार-पाच जण गावात हे काम करतो तेव्हा "सांभाळा" असे म्हणत नाही. "तीन आठवडे ठेवा, पोळ्याच्या आधी नेतो," असे म्हणतो. औषधाचा आणि डॉक्टरांचा खर्च आमचा, भाकरी तुमची. जमले नाही तर कोणत्याही दिवशी निरोप द्या, परत नेऊ. आणि निरोप आला की त्याच दिवशी जातो. एकदा शब्द मोडला की ते घर कायमचे गेले. कुणाला विचारायचे तेही अनुभवाने कळते. घरात तान्हे मूल असेल, आधीच्या कुत्र्याला लस नसेल किंवा दिवसभर सगळे शेतात जात असतील, तिथे विचारत नाही. मुले मोठी झालेली, दिवसा कुणीतरी ओसरीवर असणारी घरे बरी. घरातल्या बाईला विचारल्याशिवाय कुत्रा ठेवत नाही, कारण गड्याने हो म्हटले तरी सांभाळणार तीच असते.

शेवटी

दोनशे वर्षांत आपण कुत्र्याला बक्षीस लावून मारले, त्याच्यासाठी दुकाने बंद ठेवली, पांजरापोळ बांधला, रुग्णालय उभारले, नियम केले, नियम बदलले. प्रत्येक वेळी प्रश्न विचारला तो 'कुत्र्याला ठेवायचे कुठे' असा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात दत्तक घेणाऱ्याच्या जबाबदारीची ओळ आहे, तिच्यात पहिल्यांदा 'कुणी' हा प्रश्न नीट विचारलेला दिसतो. पण रस्ता आणि दत्तक घर यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असते. त्या आठवड्यांत कुत्र्याचे गोचीड निघायचे असतात, खरूज बरी व्हायची असते, लस व्हायची असते आणि माणसाच्या हाताची भीती जायची असते. तो काळ कुणाच्या ओसरीवर जाणार, हे कायदा ठरवू शकत नाही. ते गावाला ठरवावे लागेल. बोलणी आधी आणि मुदत सांगून.