कोणी न बदललेल्या ओळी

युनिक्स घराण्यातल्या यंत्रावर ओपनएसएसएच बसवले की दूरच्या माणसाला आत घेणारा एसएसएचडी हा प्रोग्राम मिळतो, आणि सोबत त्याची एक लहानशी कॉन्फिगरेशन फाइल येते. पोर्ट कोणता, रूट या सर्वाधिकारी खात्याला थेट आत येऊ द्यायचे का, पासवर्ड चालेल की फक्त किल्ली, अशा ओळी तिच्यात असतात. बहुतेक ओळींच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह असते, म्हणजे सर्व्हर त्या वाचतच नाही. माणसाने काहीच ठरवले नाही तर सर्व्हर काय धरून चालेल, एवढेच त्या सांगतात. आणि बहुतेक माणसे काहीच ठरवत नाहीत. दूरस्थ लॉगिनच्या सुरक्षिततेचा इतिहास एन्क्रिप्शनच्या गणिताचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो अर्धाच वाटतो. यंत्राचा मालक गाफील असताना यंत्र कोणावर विश्वास टाकते, हा त्यातला जास्त महत्त्वाचा धागा आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत खरा झगडा झाला तो याच जागी.

१९८३ साली बर्कलीच्या विद्यापीठातून युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात दूरच्या यंत्रावर काम करू देणारे आरलॉगिन आणि आरएसएच हे प्रोग्राम होते. त्याच कामाचे टेलनेट त्याआधीपासून होतेच, पण ते दर वेळी पासवर्ड विचारी. आरलॉगिनने ती कटकट मिटवली. समोरच्या यंत्राचे नाव होस्ट्स.इक्विव्ह या फाइलमध्ये, किंवा वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या .आरहोस्ट्स फाइलमध्ये असले की काही न विचारता प्रवेश. आज हे वेडेपणाचे वाटते, पण त्यामागे नीट तर्क होता. १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटलाच वापरता येतात असा बर्कलीचा नियम. म्हणून अशा पोर्टवरून आलेल्या विनंतीमागे त्या यंत्राचा रूट उभा आहे, असे मानायचे. यंत्रे म्हणजे व्हॅक्ससारखी मोठी आणि महाग, विभागात एखाददुसरे, आणि त्याचा रूट म्हणजे नावानिशी माहीत असलेला पगारी माणूस. भरवसा यंत्रावर नव्हता, त्या माणसावर होता. पुढे टेबलावर मावणारी वर्कस्टेशने आली, मग पीसी आले, आणि जो तो आपापल्या यंत्राचा रूट झाला. नियम होता तसाच राहिला. तो ज्या समाजावर उभा होता तो समाज विरून गेला.

सन कंपनीच्या वर्कस्टेशनांवर चालणारे सनओएस हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या होस्ट्स.इक्विव्ह फाइलमध्ये मुळातच एक अधिकचे चिन्ह लिहून येई. त्याचा अर्थ असा की जगातले कोणतेही यंत्र विश्वासू. ती ओळ ॲडमिनने आठवणीने पुसायची होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला वर्म सेंडमेल आणि फिंगर या प्रोग्रामांमधल्या त्रुटींमधून घुसला, हे बहुतेकांना ठाऊक असते. आत शिरल्यावर तो याच परस्परविश्वासाच्या याद्या वाचून शेजारच्या यंत्रांकडे वळत होता, हे मात्र कमी सांगितले जाते. केवळ पत्त्यावरून पटवलेली ओळख खोट्या पत्त्याने फसवता येते, हे संशोधक स्टीव्हन बेलोव्हिन यांनी १९८९ मध्ये लिहून ठेवले होते. डिसेंबर १९९४ मध्ये सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या यंत्रांवर नेमके तसेच घडले. टेलनेटकडे परत जाण्यातही अर्थ नव्हता, कारण त्यात पासवर्ड तारेवरून उघडा जाई. जाळ्यावर कान लावून हजारो यंत्रांचे पासवर्ड टिपले जात आहेत, असा इशारा अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये दिला होता.

१९९५ मध्ये पासवर्ड टिपणारा असाच हल्ला हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर झाला, आणि तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. जुलैमध्ये ते खुले करण्यापूर्वी त्यांनी इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या इआनाकडे २२ हा पोर्ट मागितला. २१ एफटीपीचा, २३ टेलनेटचा, मधला रिकामा. तो लगोलग मिळालाही. या पहिल्या एसएसएचकडे पाहताना आपले लक्ष त्याच्या आरएसए किल्ल्यांकडे जाते, पण त्याने जुन्यातले किती सांभाळले ते पाहण्यासारखे आहे. आरएसएचच्या जागी एसएसएच, फाइली नकलणाऱ्या आरसीपीच्या जागी एससीपी, वापरण्याची रीतही जवळपास तीच. .आरहोस्ट्स फाइलीसुद्धा चालत. समोरच्या यंत्राने स्वतःची किल्ली दाखवावी एवढीच भर. पलीकडे एसएसएच नसेल तर जोडणी एन्क्रिप्टेड नाही असा इशारा छापून जुन्या आरएसएचवर उतरण्याची सोय क्लायंटमध्ये होती. पहिल्या भेटीत सर्व्हरची किल्ली अनोळखी निघाली तर वापरकर्त्याने ‘यस’ टाइप करायचे आणि पुढे जायचे. ही किल्ली खरी कशावरून, हा प्रश्न तिथे सोडवलेला नाही, वापरकर्त्याच्या गळ्यात टाकलेला आहे. तरीही वर्षअखेरीपर्यंत सुमारे पन्नास देशांत वीस हजार लोक ते वापरत होते, असा अंदाज सांगितला जातो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लोक एसएसएचकडे वळले ते एन्क्रिप्शनसाठी, जुन्या सवयींसाठी नव्हे. पण एन्क्रिप्शन आधीही मिळत होते. एमआयटीच्या अथेना प्रकल्पातले केर्बेरॉस १९८० च्या दशकातच तयार होते आणि तत्त्व म्हणून ते एसएसएचपेक्षा नीटनेटके होते. मात्र त्याला मध्यवर्ती सर्व्हर लागे, संस्थेचा निर्णय लागे, प्रत्येक यंत्राची नोंदणी लागे. एसएसएचला दोन यंत्रे आणि एक चिडलेला ॲडमिन पुरेसा होता. गणित दोन्हीकडे होते. एकाने माणसांची घडी बदलायला सांगितली, दुसऱ्याने ती आहे तशी चालू दिली, आणि निकाल त्यावर लागला.

मात्र या सवलतींची फेड पुढे वीस वर्षे चालली. युलोनेन यांनी कंपनी काढली, नव्या आवृत्त्यांचा परवाना आवळत गेला, आणि १९९९ मध्ये कॅल्गरीच्या थिओ डी राट यांच्या ओपनबीएसडी या मुक्त युनिक्सच्या मंडळींनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच उभे केले. ते त्या वर्षी १ डिसेंबरला ओपनबीएसडी २.६ बरोबर आले. एसएसएचच्या पहिल्या प्रोटोकॉलमधली त्रुटी १९९८ मध्येच उघड झाली होती. तिच्यावर ठिगळ म्हणून जो तपासनीस कोड बसवला, त्यातच २००१ मध्ये नवे भगदाड सापडले (‘द मेट्रिक्स रीलोडेड’ या चित्रपटात नायिका वीजकेंद्रात शिरते ती यातूनच). दुसरा प्रोटोकॉल ओपनएसएसएचमध्ये २००० पासून होता. तरी पहिला डिफॉल्टने बंद झाला २०१० मध्ये, आणि कोडमधून पुरता गेला २०१७ मध्ये. रूटला पासवर्ड देऊन थेट आत येण्याची मुभा तर ऑगस्ट २०१५ पर्यंत, सातव्या आवृत्तीपर्यंत, न मागता मिळत होती.

ही दिरंगाई नव्हे का? धोका माहीत असताना इतकी वर्षे गप्प बसणे याला दुसरा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर प्रश्न वाजवी आहे. पण दूरच्या डेटा सेंटरमधल्या यंत्राला आत जाण्याची वाट एकच असते. अपग्रेडने ती एका रात्रीत बदलली तर पहिला बाहेर राहतो तो यंत्राचा मालक, आणि असा पोळलेला मालक पुढचे अपग्रेड करतच नाही. म्हणून आधी नवी वाट द्यायची, मग जुनी डिफॉल्टने बंद करायची, मग पर्यायच काढून टाकायचा, हा क्रम ओपनएसएसएचने लावला. नील्स प्रोव्होस यांचे अधिकार-विभाजन, म्हणजे बाहेरच्याशी बोलणारा भाग दुबळ्या खात्यावर चालवण्याची पद्धत, २००२ मध्ये डिफॉल्ट झाले आणि २०१७ मध्ये सक्तीचे. रूटच्या बाबतीत मात्र हा बचाव मला अपुरा वाटतो. तिथे ओपनएसएसएचने पाचसात वर्षे आधी हात घालायला हवा होता.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. अलीकडचे मोठे धोके सेटिंगमधून आलेच नाहीत. २००८ मध्ये कळले की डेबियन या लिनक्स वितरणाने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतल्या दोन ओळी गाळल्याने दोन वर्षे मोजक्याच किल्ल्या तयार होत होत्या, एका प्रकारच्या आणि लांबीच्या साधारण ३२ हजार. पासवर्ड बंद करून किल्ल्यांवर गेलेली शहाणी माणसेच त्यात अडकली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीतला चोरदरवाजा अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडला, तो लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे शोधताना. हे खरे आहे, आणि कॉन्फिगरेशन नीट लिहिले की काम संपले असे मी म्हणत नाही. पण एक्सझेड एसएसएचडीपर्यंत पोचले कसे? ओपनएसएसएचच्या मूळ कोडमध्ये ते नव्हते. काही लिनक्स वितरकांनी यंत्रावरच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीशी सांधण्यासाठी स्वतः जोड दिला होता, त्या वाटेने ते आत आले. म्हणजे पुन्हा कोणीतरी सोयीसाठी, वापरणाऱ्याच्या वतीने, न विचारता टाकलेला विश्वास.

आज पासवर्ड मुळात चालू असणे ही शेवटची मोठी सवलत उरली आहे. नव्या यंत्रावर पहिली किल्ली नेऊन ठेवायला काहीतरी लागतेच. क्लाउड कंपन्या किल्ली यंत्र जन्मतानाच आत घालतात, त्यामुळे त्यांच्याकडे ती गरज संपली. पण किल्ल्या जिथे ठेवतात ती ऑथोराइज्ड_कीज फाइल नीट पाहावी. ती वापरकर्त्याच्या घरात असते, तोच ती लिहितो, तिच्यातल्या नोंदीला आपोआप येणारी मुदत नसते, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाची ओळ तिच्यात तशीच राहते. गणित वगळले तर ती .आरहोस्ट्सच आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१५ मध्ये याच बेवारस किल्ल्यांवर एक अहवाल काढला, आणि त्याच्या लेखकांत स्वतः युलोनेन होते. उपाय २०१० पासून ओपनएसएसएचमध्येच आहे: मुदत संपणारी सर्टिफिकेटे. संस्थेची एक किल्ली सही करते, सर्व्हर फक्त त्या सहीला मानतो. मात्र हा बदल डिफॉल्टने घडवता येण्यासारखा नाही. कॉन्फिगरेशनमध्ये या सहीसाठी असलेल्या ओळीची मूळ किंमत ‘नन’, म्हणजे कोणीच नाही, अशी ठेवावी लागते, कारण सही कोणाची मानायची हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ठरवता येत नाही. ते संस्थेने ठरवायचे, सही करणारी किल्ली सांभाळायची, कोणाला किती दिवसांची मुदत द्यायची ते रोज पाहायचे. केर्बेरॉसने मागितले होते ते साधारण हेच.