अंडं आज खायचं की उबवायचं?

'रिमवर्ल्ड' खेळणाऱ्यांना हा पेच चांगलाच ठाऊक असेल. परग्रहावर तुमची छोटीशी वसाहत, कोठार रिकामं होत आलंय आणि पुढ्यात हंसिणीची अंडी. आज खाल्ली तर पोट भरेल. ठेवली आणि नीट ऊब मिळाली, तर पिल्लं. हा गेम खेळताना मला कायम एक खरी वसाहत आठवते: सिडनी.

जानेवारी १७८८. ब्रिटनहून निघालेली ११ जहाजं ऑस्ट्रेलियाला पोचली. हजाराहून जास्त माणसं, त्यात निम्म्याहून अधिक कैदी. जमीन रिकामी नव्हती बरं का. तिथे इओरा लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. १ मेला वसाहतीतल्या जनावरांची मोजदाद झाली. पक्षी किती? १८ टर्की, २९ हंस, ३५ बदकं, १२२ कोंबड्या आणि ८७ पिल्लं. गेमच्या स्क्रीनवर दिसते तशीच यादी!

आता हिशोब बघा. हंसिणीचं अंडं कोंबडीच्या अंड्याच्या अडीच-तीन पट मोठं. पण ती अंडी घालते मुख्यतः वसंतात, आणि पिल्लू बाहेर यायला महिना लागतो. २९ हंसांवर हजार माणसं जगणार कशी? हे पक्षी म्हणजे बियाणं होतं. आपल्याकडे शेतकरी पेरणीसाठी राखलेली ज्वारी दळायला काढत नाही, तसंच.

भूक वाढली तेव्हा काय होतं, ते नॉरफोक बेटावर दिसलं. सिडनीतला रेशनचा ताण कमी करायला बरीच माणसं तिकडे धाडली. १९ मार्च १७९० ला त्यांना घेऊन गेलेलं 'सिरियस' जहाज तिथल्याच खडकांवर फुटलं. बेटावर सुमारे ५०० माणसं आणि तुटपुंजा शिधा. तेवढ्यात माउंट पिटवर समुद्रपक्षी उतरू लागले, जमिनीत बिळं करून अंडी घालायला. लोक मशाली घेऊन रात्री डोंगर चढत, पक्षी मारत, अंडी गोळा करत. एप्रिल ते जुलै या काळात १ लाख ७० हजारांहून अधिक पक्षी मारल्याची नोंद आहे. लोकांनी त्यांना नावच दिलं, 'देवानं धाडलेला पक्षी'.

माणसं वाचली. ऑगस्टमध्ये मदतीची जहाजंही आली. पण या पक्ष्याची मादी वर्षाला एकच अंडं घालते. शिकार थांबली नाही, आणि साधारण दहा वर्षांत नॉरफोकवरून तो पक्षी संपला. आज तो मुख्यतः लॉर्ड होव बेटावर उरलाय.

मी त्या उपाशी माणसांना दोष देणार नाही. लेकरू भुकेनं रडत असताना पुढच्या वर्षाचा विचार कोण करतं? पण पाळलेले हंस निदान मोजलेले तरी होते. डोंगरावरचे पक्षी कोणाचेच नव्हते, म्हणून मोजले गेले ते मेल्यावरच.

गेम फसला की आपण जुनी सेव्ह फाइल उघडतो. नॉरफोकला ती सोय नव्हती. भेटू पुढच्या भागात!